नळीला आलेला घाम

मोटारीच्या नळीला घाम येत नाही. हे वाक्य मी इतक्या ड्रायव्हरांना इतक्या वेळा ऐकवलं आहे की पाठीमागे ते मला 'घामवाले मिस्त्री' म्हणायचे. म्हणोत बापडे. जुनी गाडी दिसली की मी मालकाला न विचारताच बॉनेट उघडतो. टाकीकडून आलेली तांब्याची नळी इंजिनाला जिथे मिळते, तिथला रबराचा वीतभर तुकडा दोन बोटांत धरून वाकवून बघतो. काही मालकांना याचा राग येतो. मला त्यांच्यापेक्षा जास्त येतो, त्यामुळे तो प्रश्न लवकर मिटतो.

पन्नासच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती. आताचं चंद्रपूर तेव्हा चांदा होतं आणि गडचिरोली त्याच जिल्ह्यात मोडायचं. मी सावलीला एका मोटारमालकाकडे मिस्त्री होतो. तलावाच्या पाळीखाली टिनाची एक शेड, तीत मी, माझी हत्यारं आणि तीन गाड्या. लढाई संपल्यावर लष्करानं लिलावात काढलेल्या त्या गाड्या होत्या. दोघींवर सागवानी खोकं चढवून मोटारबस केलेली. त्यातली एक रोज सकाळी सावलीहून मूलवरून चांद्याला जायची आणि दिवस मावळायच्या आत परत यायची. तिसरा ट्रक एटापल्लीकडच्या जंगलातून बांबू आणायचा. तिन्ही गाड्या पेट्रोलवर चालायच्या, आणि तिन्ही माझ्यापेक्षा जास्त जग फिरून आलेल्या होत्या.

गाडी चालू असली की इंजिन थरथरतं आणि सांगाडा तेवढा थरथरत नाही. सांगाड्यावरची तांब्याची नळी सरळ इंजिनाला जोडली तर आठ दिवसांत तुटेल, म्हणून मधे रबराची नळी घालतात. बाहेरून विणलेल्या सुताचं कवच आणि आत रबर. मी ज्यांच्या हाताखाली नागपूरला शिकलो ते उस्ताद म्हणायचे, "रबर आतून मरते बे. बाहेरून त्याले काईच होत नाई, म्हणून तर मानूस फसते." मेलेली नळी ते ब्लेडनं उभी चिरून दाखवायचे. बाहेरून धडधाकट, आत सुकलेल्या तळ्यासारख्या भेगा. त्यांचा नियम होता की होळीच्या आत सगळ्या गाड्यांच्या नळ्या बदलायच्या, जुनी नळी चांगली दिसत असली तरी. मी तो नियम पाळत होतो. आळशी मिस्त्री म्हणून मला कुणी कधी बोललं नाही. माझ्यात खोड होती ती दुसरीच. माझ्या जिभेला हाड नव्हतं, आणि चार माणसं हसली की मला आपण बरोबर आहोत असं वाटायचं.

चांद्याची गाडी चालवायचा तो माझा जावई, म्हणजे धाकट्या बहिणीचा नवरा. वडील नव्हते, त्यामुळे बहिणीचं लग्न मीच जमवलं होतं. हा मुलगा आमच्याकडे आधी ट्रकवर क्लीनर होता. मी त्याला गाडी शिकवली, मालकाकडे शब्द टाकून स्टिअरिंगवर बसवलं, आणि दोन वर्षं पारखून बहीण दिली. घरी धानाची थोडी शेती होती, ती भावाकडे. अंगानं किरकोळ, बोलायला कमी, कामाला चोख. माझ्यासमोर तो कधी बिडी ओढायचा नाही. गाडीत तर नाहीच. गाडी उभी केली की वीस-पंचवीस पावलं लांब जाऊन, पाठ फिरवून पेटवायचा. मी त्याला जवाईबापू म्हणायचो आणि तो मला भाऊ. माझ्या बहिणीचं सगळं बरंवाईट त्याच्या दोन हातांवर होतं, आणि त्याच्या गाडीचं माझ्या दोन हातांवर.

आमच्याकडचं चैत्रातलं ऊन ज्यानं अंगावर घेतलं त्यालाच ठाऊक. दुपारच्याला नळीतल्या नळीत पेट्रोलची वाफ होते, पंप नुसती हवा ओढतो आणि गाडी जंगलात मधेच बसते. त्यावर सगळ्या ड्रायव्हरांचा एकच उपाय होता, ओली चिंधी. नळीला आणि पंपाला चिंधी गुंडाळायची आणि दर थांब्यावर कंडक्टरनं तिच्यावर तांब्याभर पाणी ओतायचं. उपाय चांगला आहे. मीही तो करतो.

त्या वर्षी एकदा चिंधी सुटून पंख्यात गेली आणि पंख्याचं एक पातं वाकलं. जावयानं घरी ते सांगितलं असावं. दुसऱ्या रविवारी गाडी शेडमध्ये उभी होती, तेव्हा माझी बहीण सुई-दोरा आणि जुन्या लुगड्याचा धडपा घेऊन हजर झाली. मडगार्डवर फतकल मारून बसली आणि नळीला जागेवरच कापडाचा अंगरखा शिवायला घेतला. गोधडीला घालतात तसे टाके, चार पदरी, बारीक, ओळीनं. शेडमधले लोक हसून बेजार. मी म्हणालो, "आता नळीले बंडी शिवली, उद्या इंजनाले धोतर नेसव." ती वर न बघता म्हणाली, "हास तू दादा. हे सुटलं तं माह्यं नाव सांगजो नको." ती दोन-तीन तास बसली. बोटं टोचली, कोपराला काळं लागलं. पण काम असं झालं की मी बोट घालून ओढून पाहिलं तर एक टाका हलला नाही.

त्यात एकच वाईट होतं, आणि ते तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. आधीची चिंधी रोज सुटायची, रोज बांधायची, त्यामुळे नळी रोज डोळ्यांखालून जायची. आता तिच्यावर शिवण बसली होती. आतली नळी बघायची तर टाके उसवावे लागणार होते.

'घाम' हा शब्द त्यानंतरचा. पाणी ओतल्यावर कापड दिवसभर ओलं दिसायचं. जावई त्यावर हात ठेवून म्हणाला, "घाम आला नळीले." मला शब्द आवडला. मी तो उचलला, कंडक्टरला सांगितला, ट्रकवाल्याला सांगितला, आणि पंधरा दिवसांत चांद्याच्या मोटारस्टँडवर दुसऱ्या मालकांचे ड्रायव्हरही म्हणायला लागले, आज घाम लई येऊन राह्यला. तो शब्द मीच पसरवला. ओलं दिसलं की माणूस विचारतो, कशानं ओलं? पण घाम म्हटलं की विचारायचं काही उरत नाही.

त्या साली होळीच्या आधी मी नागपूरहून नळ्या मागवल्या होत्या. एका गाडीची तर आधीच्या पावसाळ्यात बदललेली होती, दोन हव्या होत्या. त्यातली एकच आली. ती मी ट्रकला घातली, कारण ट्रक सूरजागडाच्या पायथ्यापर्यंत एकटा जायचा आणि तिथे काही झालं तर विचारायला कोस-कोस माणूस नव्हता. हा निर्णय बरोबर होता. आजही तोच घेईन. दुसरी नळी चैत्र लागल्यावर आली. चांद्याहून ते पार्सल आणलं जावयानंच. संध्याकाळी गाडी लावून शेडमध्ये आला आणि म्हणाला, "घ्या भाऊ, तुमची नळी आली. आज टाकता काय?"

मी कागद फाडून नळी पाहिली. नवी, काळीभोर, वास येणारी. मग त्याच्या गाडीकडे पाहिलं.

"तुमच्या बायकोनं एवढं बोटं टोचून शिवलं, ते आजच उसवू?" मी म्हणालो. "बोंबलत येईन माह्या अंगावर. रविवारी गाडी उभी राहीन तवा टाकू. तिले बी बोलावू, नव्या नळीले नवी बंडी."

तो हसला. मी ती नळी भिंतीतल्या खिळ्याला टांगली.

रविवारी गाडी उभी राहिली नाही. मालकाच्या ओळखीतल्या कुणाचं तरी वऱ्हाड न्यायचं होतं, ते ऐन वेळी ठरलं. मी म्हटलं, आता पुढचा रविवार. इतके दिवस टिकली, आणखी आठ दिवसांनी काय होतं? उस्तादांसमोर हे वाक्य बोललो असतो तर कानाखाली वाजली असती. पण उस्ताद नागपुरात होते, आणि सावलीत मीच उस्ताद होतो.

सोमवारी सकाळी गाडी शेडसमोर निघायच्या बेतात होती. सावलीच्या तलावावरची एक मासोळ्या विकणारी बाई रोज त्या गाडीनं मूलच्या बाजाराला जायची. टोपली मांडीवर, बोलणं खणखणीत. ती चढली आणि लगेच खाली उतरून माझ्याकडे आली.

"मिस्त्री, ह्या गाडीत पेटरोलचा वास येऊन राह्यला गा. काल वऱ्हाडातल्या बाया बी म्हनत होत्या."

मी तिथेच ट्रकखाली आडवा पडलो होतो. बाहेर न येताच म्हणालो, "बाई, तुह्या टोपलीजवळ बसून तुले दुसरा वास येतेच कसा? तुह्या नाकाले बक्षीस द्या लागते."

गाडीतले सगळे खो खो हसले. कंडक्टर हसला. ती हसली नाही. ती परत चढली आणि नेहमीची पुढची जागा सोडून पार मागे, दाराजवळ जाऊन बसली.

जावई मात्र गाडी चालू न करता खाली आला. माझ्याजवळ उकिडवा बसला आणि हळू म्हणाला, "भाऊ, ते बाई उगाच बोलत नाई. एकदा पाहून घेता काय?"

मी उठलो, कुरकुरत उठलो. बॉनेट उघडलं. कंडक्टरनं नुकतंच पाणी ओतलं होतं. शिवणीवर हात ठेवला तर कापड गार होतं. नुसतं गार नाही, तलावातून काढलेल्या मडक्यासारखं थंडगार. मला बरं वाटलं. म्हटलं, बहिणीच्या चार पदरांनी काम केलं. बोटं नाकाशी नेली. माझ्या बोटांना बारा महिने ग्रीसचा आणि पेट्रोलचाच वास. त्यात मोहाचे दिवस. त्या दिवसांत आमच्याकडे सगळ्या हवेला मोहफुलांचा गोड, आंबूस वास असतो, तो अन्नालाही लागतो. मला वेगळं काही कळलं नाही.

"गार हाये मस्त," मी म्हणालो. "घाम येऊन राह्यला. जा, उशीर होईन."

पाण्यानं ओलं झालेलं कापड उन्हाळ्यात गार लागतं, पण इतकं नाही. पेट्रोल उडून जाताना कापड जास्त थंड पडतं. हे मला तेव्हाही माहीत होतं. हात धुताना मी रोज पेट्रोल वापरायचो, बोटं गारठायची, मग आणखी काय माहीत असायला हवं होतं? मला माहीत होतं, आणि मी त्याला 'जा' म्हणालो. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं, मान हलवली आणि गेला. माझ्या शब्दावर त्याचा स्वतःच्या नाकापेक्षा जास्त विश्वास होता.

सोमवारी गाडी नीट परत आली. मंगळवारी सकाळी ती निघाली तेव्हा मी ट्रकचं चाक उघडून बसलो होतो. खिळ्यावरची नळी मी हातात घेतल्याचं मला स्पष्ट आठवतं. हार्डवेअरच्या डब्यातून नट शोधताना ती मधे येत होती, म्हणून काढली आणि दुसऱ्या खिळ्याला लावली.

मूल ते चांदा रस्ता तेव्हा सगळा जंगलातून. मोहफुलं वेचायच्या दिवसांत लोक झाडाखालचा पाला जाळून जागा साफ करतात, म्हणजे फुलं मोकळ्या मातीवर पडतात आणि वेचायला सोपी जातात. त्यामुळे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जागोजाग धूर आणि जमिनीलगत सरकणाऱ्या बारक्या लालसर रेघा. कुणी त्याला घाबरत नाही. दर साली असतंच. त्या मंगळवारीही होतं, म्हणून गाडीतून धूर यायला लागला तेव्हा पहिल्यांदा सगळ्यांना तो बाहेरचाच वाटला.

पुढचं मला त्या मासोळ्यावाल्या बाईनं सांगितलं. त्या दिवशी ती टोपली घेऊन मूलला न उतरता पार चांद्यापर्यंत गेली होती. परतताना दुपारची वेळ होती. चढावर गाडी आचके द्यायला लागली तशी जावयानं ती बाजूला घेतली आणि तांब्या घेऊन खाली उतरला. बॉनेट उचललं आणि भक्कन आवाज झाला. त्याचे दोन्ही हात आणि छाती पेटली. तो मागे पडला, मातीत लोळला, उठला. लोक ओरडत मागच्या दाराकडे धावले. दार या बाईनं आधीच उघडलं होतं. तोवर तो परत ड्रायव्हरच्या जागेवर चढला होता. टाकीची तोटी सीटखाली असते. ती बंद केली नाही तर नळीवाटे पेट्रोल आगीवर येतच राहतं. आग लागली तर आधी तोटी, मग स्वतः, हे त्याला मीच शिकवलं होतं, क्लीनर होता तेव्हा, दहा-दहा वेळा वदवून घेऊन. त्यानं ते केलं. जळत्या हातांनी ती तोटी फिरवायला त्याला वेळ लागला. गाडीतली सगळी माणसं उतरली. म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, कुणाला ओरखडाही नाही.

बातमी चांद्याहून येणाऱ्या दुसऱ्या गाडीनं तीनच्या सुमारास आणली. मी ट्रकचं चाक कसंबसं बसवलं आणि बहिणीला घेऊन निघालो. जंगलात ती गाडी दिसली. सागवानी खोकं नव्हतंच, नुसता लोखंडाचा सांगाडा आणि खाली राख. मी ट्रक थांबवला. तिला म्हणालो, बसून राहा, आणि उतरलो. बॉनेटखाली पाहिलं. रबर नाही, सूत नाही, कापड नाही. तांब्याच्या नळीचं टोक तेवढं मोकळं लोंबत होतं. त्या क्षणी, लाज वाटते सांगायला, मनात आलं की आता कुणाला काही कळायचं नाही.

मागे वळलो तर बहीण माझ्या मागेच उभी होती.

"दादा, माह्या चिंधीनं पेट घेतला काय?"

"नाई वं," मी म्हणालो. तिला परत ट्रकमध्ये बसवलं.

चांद्याच्या दवाखान्यात त्याला पांढऱ्या कापडाखाली ठेवलं होतं. शुद्धीवर होता. पोलीस जमादार पाय आपटत आला, वही उघडली आणि विचारलं, आग कशी लागली. मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. जावयानं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, डोळ्याला डोळा भिडेल इतकंच.

"बिडी पेटवली मी," तो म्हणाला. "गाडी गरम होती. बॉनट उघडताना बिडी तोंडातच होती. माही चुकी झाली, साहेब."

जमादारानं लिहून घेतलं. "दुसरं काई? गाडीत काई खराबी?"

"गाडी चांगली होती. मिस्त्री रोज पाहतात."

मी खाली पाहिलं. फरशीवर एक लाल मुंग्यांची रांग चालली होती, ती पाहत राहिलो. तोंड उघडून चार शब्द बोलायचे होते. नळी जुनी होती, नवी शेडमध्ये टांगलेली आहे, एवढेच. आयुष्यभर जिथे बोलायला नको तिथे बोललो, आणि तिथे माझी वाचा बसली. जमादारानं वही मिटली.

चौथ्या दिवशी सकाळी तो गेला.

सगळ्या तालुक्यात एकच बोललं गेलं की बिडीनं घात केला. मालकानं दुसरी गाडी घेतली आणि तिच्यात ड्रायव्हरच्या डोक्यावर पाटी लावली, बिडी ओढू नये. लोक बहिणीसमोर हळहळायचे आणि मागे म्हणायचे, त्याच्या शौकापायी बिचारी उघड्यावर पडली. तिला मी घरी आणलं. मी मनाशी म्हणायचो, हे तिच्यासाठीच बरं आहे. बिडी म्हटलं तर तिला चिंधीचा संशय येणार नाही. असं म्हणत म्हणत मी रोज जेवायचो, ती वाढायची.

मासोळ्यावाली बाई एकदाच बोलली. तेराव्याला आली होती. जाताना माझ्याजवळ थांबून म्हणाली, "मिस्त्री, मी सांगतलं होतं तुले." मी हात जोडले. तिनं पुन्हा कधी तो विषय काढला नाही, आणि पुन्हा कधी आमच्या गाडीतही बसली नाही. मूलला चालत जायची.

मी नळ्या बदलायला लागलो. आधी वर्षानं बदलायचो, मग सहा महिन्यांनी, मग हाताला जरा कडक लागली की. काढलेली प्रत्येक नळी चिरून पाहायचो. जंगलाच्या ठेकेदारांच्या जीपा, तांदळाच्या गिरणीचा ट्रक, पाहुण्याची मोटार, ज्याची गाडी हाताखाली आली त्याची नळी बदलली, हवी असो की नसो. नव्या नळ्या मिळाल्या नाहीत तर गाडी उभी ठेवली, मालकानं शिव्या दिल्या तरी. नळीवर चिंधी बांधली तर ती सरकगाठीची, रात्री उतरवायचीच. लोक म्हणायचे, याचा जावई गेल्यापासून डोकं फिरलं. बहीण ओसरीत बसून हे ऐकायची. कधी मी संध्याकाळी घरी आलो की विचारायची, "आज कोनाच्या बदलल्या?" मी सांगायचो. ती मान हलवायची. मला वाटायचं, बिचारी बोलायला विषय काढते.

अशी सहा-सात वर्षं गेली. एका चैत्रात मोटारस्टँडवर चहा पीत होतो. शेजारी एक जुना ड्रायव्हर एका नव्या मुलाला धडे देत होता. बॉनेट उघडं होतं. मुलानं नळीला हात लावला आणि म्हणाला, "काका, हे ओलं हाये." त्यावर तो म्हातारा हसून म्हणाला, "भेऊ नको बे. नळीले घाम येते उन्हाळ्यात. फकत बिडी नको ओढू. आपल्या मिस्त्रीचा जवाई तसाच मेला, बिडीच्या नादानं."

माझा हात कधी उठला मला कळलं नाही. म्हाताऱ्याच्या तोंडात बसली. त्याची टोपी उडाली, माझा चहा सांडला. लोकांनी आम्हाला धरलं. सगळे विचारायला लागले, मिस्त्री, काऊन मारलं, काय चुकलं त्याचं? त्याचं काहीच चुकलं नव्हतं. जे मी पसरवलं होतं तेच तो शिकवत होता. मी गर्दीतून वाट काढून त्या मुलाच्या गाडीपाशी गेलो, तोटी बंद केली, ब्लेडनं चिंधी कापली. खाली नळीवर केसाएवढी भेग होती आणि तिच्यातून थेंब फुगत होता. मुलाला म्हणालो, ही गाडी इथून हलवायची नाही. मग सरळ घरी गेलो.

बहीण ओसरीत सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. मी तिच्यासमोर उभाच राहिलो. बसलो असतो तर बोललो नसतो. सगळं सांगितलं. टांगलेली नळी, रविवार, त्या बाईची मी केलेली चेष्टा, त्यानं मला पाहायला सांगितलं ते, गार कापड, जमादार. कुठेही स्वतःला सोडवलं नाही.

तिनं सूप खाली ठेवलं नाही. दोन खडे वेचून बाजूला टाकले.

"मले ठाऊक हाये," ती म्हणाली.

मला वाटलं, तिला ऐकू नीट आलं नसेल.

"त्याहीनं दवाखान्यात तिसऱ्या दिवशी सांगतलं मले. म्हने, तुह्या दादाचं नाव गेलं तं त्याच्या हाताले कोनी गाडी देनार नाई, मंग तुले कोन पाहीन? कोनाले बोलू नको म्हने."

"सहा-सात वर्षं झाली," मी म्हणालो. "मले काऊन नाई बोलली? मी रोज..."

आता तिनं वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. राग होता, जुना, जपून ठेवलेला, आणि तो मी इतक्या वर्षांत एकदाही पाहिला नव्हता.

"बोलली असती तं तू रडला असता. मी तुले माफ केलं असतं, भाऊच हायेस. मंग तू मोकळा झाला असता. अन् मोकळ्या मानसाच्या हातून एखादी नळी राहून जाते." तिनं सूप हलवलं. "त्या गाड्यायत लोकं बसते, दादा."

मी खांबाला धरून खाली बसलो. तांदळातून तिची बोटं फिरत होती, तेवढाच आवाज.

"अन् आता?" मी विचारलं.

"आता बी नाई," ती म्हणाली.